पार्श्वभूमी : संगणक दुरुस्तीतली उमेदवारी आणि ‘ऐच्छिक’ या शब्दाचा घोळ

मुंबईत मुख्यालय असलेल्या मध्य रेल्वेची शिकाऊ उमेदवारांची जाहिरात आली की आयटीआयच्या फळ्यावर तिची प्रत लागते. २०२४ च्या जाहिरातीत चोवीसशेच्या वर जागा होत्या. मुंबई, भुसावळ, पुणे, नागपूर आणि सोलापूर अशा पाच गटांत वाटलेल्या. फिटर, वेल्डर, सुतार, शिंपी, टर्नर ही नावं आजोबांनाही ओळखीची. त्यांच्याच रांगेत एक नाव असं येतं की एका दमात वाचताना धाप लागावी : प्रोग्रॅमिंग अँड सिस्टीम्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशन असिस्टंट. लघुरूपात ‘पासा’. ज्याने आयटीआयमध्ये ‘कोपा’ हा संगणकाचा ट्रेड, म्हणजे अभ्यासक्रम, केला त्याने उमेदवारी करायची ती पासाची, आणि पुढे खाजगीत नोकरी लागलीच तर गळ्यातल्या ओळखपत्रावर असतं तिसरंच काही : डेस्कटॉप सपोर्ट इंजिनिअर. (कोपा म्हणजे रागवा, आणि पासा म्हणजे नशीब. नावं ठेवणाऱ्याला मराठी येत नसणार.)

एकाच मुलाला ही तीन नावं कशी चिकटली, हे कळायला इतिहासात फार खोल जावं लागत नाही. १८५० साली कंपनी सरकारने अनाथ आणि गरीब मुलांना दहाव्या वर्षापासून एखाद्या कारागिराकडे बांधून देण्याचा कायदा केला होता. तो रद्द करून १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा आला आणि १ मार्च १९६२ पासून लागू झाला. आजही तोच चालतो, अर्थात ठिगळं लावून. त्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. शिकाऊ हा कामगार नव्हे, त्यामुळे बहुतेक कामगार कायदे त्याला लागू नाहीत; आणि उमेदवारी संपल्यावर त्याला नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही. जुन्या मराठीत कचेरीत बिनपगारी खर्डेघाशी करत जागा रिकामी होण्याची वाट पाहणाऱ्याला उमेदवार म्हणत. कायद्याने पगाराच्या ऐवजी विद्यावेतन दिलं, उमेद मात्र होती तिथेच ठेवली. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटलं की बाकी सगळं समान असेल तर उमेदवारी केलेल्याला प्राधान्य द्यावं. प्राधान्य म्हणजे हक्क नव्हे. त्या फरकावरूनच २० मार्च २०१८ च्या सकाळी शेकडो शिकाऊ उमेदवार माटुंगा आणि दादरच्या मध्ये रुळांवर बसले आणि ऐन गर्दीच्या वेळी लोकल काही तास ठप्प झाल्या.

कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कारखाना होता. एक छप्पर, त्याखाली यंत्र, यंत्रापाशी उस्ताद, उस्तादाच्या बाजूला पोरगा. किती कामगारांमागे किती शिकाऊ घ्यायचे, हे ठरवता येत होतं, कारण कामगार मोजता येत होते. १९७३ साली पदवी आणि पदविकावाले इंजिनिअर या कायद्याखाली आले, १९८६ च्या दुरुस्तीने बारावीचे व्यावसायिक अभ्यासक्रमवाले, म्हणजे आपल्याकडचे एमसीव्हीसीवाले, आले. यांची नोंदणी आयटीआयवाल्यांपेक्षा वेगळ्या खात्यात, मुंबईत सायनच्या कार्यालयात. म्हणजे एकाच बँकेत एकाच सर्व्हरपाशी बसलेल्या दोन मुलांपैकी एकाचा करार एका मंत्रालयाच्या योजनेत आणि दुसऱ्याचा दुसऱ्या. ही विभागणी आजही मोडलेली नाही. फक्त आता दोन कार्यालयांच्या जागी दोन पोर्टलं आहेत.

संगणक दुरुस्ती या चौकटीत सुरुवातीपासून बसलीच नाही. १९७८ साली एक बडी अमेरिकी संगणक कंपनी परकीय भांडवलाच्या अटी न मानता देश सोडून गेली आणि तिने मागे ठेवलेल्या यंत्रांची देखभाल १९७५ मध्ये स्थापन झालेल्या एका सरकारी कंपनीकडे आली. त्या सरकारी कंपनीच्या नावातच ‘मेंटेनन्स’ होतं. यंत्र एकाचं, जागा दुसऱ्याची आणि दुरुस्त करणारा तिसऱ्याचा, ही पद्धत आपल्याकडे तेव्हापासूनची. काम अर्थातच इंजिनिअरांचं मानलं गेलं. आयटीआयच्या पोराला त्या वातानुकूलित खोलीत पाय ठेवायला मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

पाय ठेवायला मिळाला तो नव्वदच्या दशकात, आणि तोही मागच्या दाराने. बँकांमधल्या संघटनांनी आधी यंत्रांना विरोध केला, मग मर्यादित संख्येने ती मान्य केली, आणि नंतर सहकारी बँका, साखर कारखाने, पतपेढ्या, सीएची ऑफिसं सगळीकडे एकदमच पीसी घुसले. कंपनीचा पीसी परवडत नव्हता म्हणून असेंबल केलेला. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली. सुटे भाग आणायचे, जोडायचे आणि वर्षाचा देखभाल करार, म्हणजे एएमसी, गळ्यात घालायची. मी १९९८ ते २००६ अशा एका दुकानाचे दुरुस्तीचे कॉल केले आहेत, तेव्हा इथे हात थोडा सैल सुटणार.

त्या दुकानात उमेदवारी होती, फक्त तिला कागद नव्हता. नवा पोरगा आला की पहिला महिना नुसता बॅग धरायचा. मशीन चालू होत नाही, नुसतं बीप बीप करतं, तर काय करायचं? रॅम काढायची, तिच्या सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर फिरवायचं, परत दाबून बसवायची. दहातली सहा मशीन एवढ्यावर उठायची. पण हे ग्राहकाच्या देखत करायचं नसतं, हा दुसरा धडा. त्या काळचं नेटवर्क म्हणजे काळी कोअ‍ॅक्स केबल, प्रत्येक मशीनच्या मागे टी कनेक्टर आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर. शिपायाने झाडू मारताना एक टी हलवला की अख्खी शाखा बंद. टेबलाखाली शिरून तो सैल टी शोधण्यात जे नेटवर्किंग कळतं ते फळ्यावर कळत नाही. पुढे हब आणि आठ तारांची केबल आली, आणि पोरं रिक्षात बसल्या बसल्या पुटपुटायला लागली : नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. क्रिंपिंग, म्हणजे केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवणं, चुकलं की कनेक्टर फुकट, आणि त्याचे पैसे दुकानदार कापून घ्यायचा. मला पहिले सहा महिने फक्त जाण्यायेण्याचं भाडं मिळालं. सातव्या महिन्यात माझ्या हातात स्वतःचा क्रिंपर आला, तेव्हा मी शिकलो असं दुकानाने मानलं. परीक्षा म्हणाल तर तीच, आणि प्रमाणपत्र म्हणून दाखवायला माझ्याकडे आजही काही नाही.

याच काळात आयटीआय काय शिकवत होतं? कोपा हा एक वर्षाचा ट्रेड, अर्थ ‘कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट’. त्यात टायपिंग, वर्ड-एक्सेल, एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, थोडा डेटाबेस, थोडं नेटवर्किंग, पुढे टॅलीसुद्धा. सगळ्याची चव, पोटभर काहीच नाही. हार्डवेअर खरंच शिकवणारा ट्रेड दोन वर्षांचा होता : आधी त्याचं नाव ‘इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी अँड इलेक्ट्रॉनिक सिस्टीम मेंटेनन्स’, मग त्यात ‘कम्युनिकेशन’ शिरलं आणि तो आयसीटीएसएम झाला. शिवाय एक वर्षाचा ‘कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स’ वेगळाच. कोपाला तुलनेने खर्च कमी, खुर्च्या आणि संगणक मांडले की वर्ग सुरू, त्यामुळे खाजगी आयटीआयांनी तो उचलून धरला. उमेदवारीची वेळ आली की सरकारी कार्यालयाला ‘कॉम्प्युटरवाला’ हवा असायचा आणि कोपावाला मुलगा तिथे जाऊन वर्षभर पत्रं टाइप करायचा. सर्व्हरच्या खोलीची किल्ली एएमसीवाल्या दुकानाच्या पोराकडे असायची, ज्याच्याकडे कुठलाच ट्रेड नव्हता. कागद एकाकडे आणि काम दुसऱ्याकडे, अशी ही फाळणी कुणी ठरवून केली नव्हती. पण २०१४ साली जे ठरवलं गेलं ते या फाळणीच्या नावाने.

२०१४ पर्यंत उमेदवारी फक्त सरकारने नेमून दिलेल्या ट्रेडमध्येच होई. नेमून द्यायचं म्हणजे अधिसूचना, त्याआधी केंद्रीय शिकाऊ परिषदेशी सल्लामसलत, त्याआधी अभ्यासक्रम. उद्योगांचं म्हणणं होतं की या सगळ्याला इतका वेळ लागतो की अभ्यासक्रम छापून येईपर्यंत ते तंत्रज्ञान भंगारात गेलेलं असतं. हे म्हणणं खोटं नव्हतं. कोअ‍ॅक्स गेली, हब गेले, फ्लॉपी गेली, आणि वर्गात त्यांच्या आकृत्या पुढे बरीच वर्षं काढून घेतल्या जात होत्या. म्हणून दुरुस्ती झाली आणि २२ डिसेंबर २०१४ पासून एक नवा प्रकार कायद्यात आला : ऑप्शनल ट्रेड. मराठीत ऐच्छिक म्हणा किंवा वैकल्पिक.

इथे थांबायला हवं, कारण पुढचा सगळा गोंधळ या एका विशेषणातून निघाला. शाळेत ऐच्छिक विषय म्हटला की निवड विद्यार्थ्याची असते, आणि अनेक मुलांनी, त्यांच्या पालकांनीही, इथे तसंच समजून घेतलं. कायद्याची व्याख्या मात्र स्पष्ट आहे : मालक ठरवेल तो ट्रेड, विषय किंवा काम म्हणजे ऑप्शनल ट्रेड. इच्छा मालकाची. अभ्यासक्रमही तोच आखून पोर्टलवर चढवू शकतो. मुलाच्या वाट्याला त्यातला पर्याय एवढाच की सही करायची किंवा नाही.

बाजू घेणारे म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे, की याशिवाय संगणक क्षेत्र उमेदवारीत आलंच नसतं. फायरवॉल सांभाळणाऱ्या कंपनीला ‘पासा’ नको असतो, तिला तिच्याच यंत्रांवर तयार झालेला मुलगा हवा असतो. कामगार संघटनांचा आक्षेप वेगळा होता. ट्रेड सरकारने नेमलेला असला की नाशिकचं प्रमाणपत्र नागपुरातही वाचता येतं, अखिल भारतीय परीक्षेचा शिक्का त्यावर असतो. मालकाने स्वतःपुरता आखलेला ट्रेड दुसऱ्या मालकाला काय सांगणार? आणि काम रोजचंच असेल, फोन उचलायचा, तिकीट उघडायचं (म्हणजे तक्रार नोंदवायची), पासवर्ड बदलून द्यायचा, तर त्याला शिक्षण म्हणायचं की स्वस्तात भरलेली खुर्ची? माझा कल कुठे आहे हे एव्हाना कळलं असेल. पण त्याच दुरुस्तीतल्या एका चांगल्या गोष्टीबद्दल फार कमी बोललं गेलं : शिकाऊंचं प्रमाण ठरवताना कंत्राटी कामगारही मोजायचे ठरले. ज्या क्षेत्रात बँकेचा संगणकवाला बँकेचा नसतोच, तिथे ही तरतूद मोलाची होती. दुसरीकडे, शिकाऊ न घेणाऱ्या मालकाला आधी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत होती, ती काढून फक्त दंड ठेवला.

त्यानंतर गोष्टी भराभर घडल्या. २०१५ मध्ये प्रशिक्षण खातं कामगार मंत्रालयातून उचलून नव्या कौशल्य मंत्रालयात ठेवलं गेलं. ऑगस्ट २०१६ मध्ये प्रोत्साहन योजना आली : विद्यावेतनाचा एक चतुर्थांश, जास्तीत जास्त महिना १५०० रुपये, केंद्र सोसणार. उद्योगांच्या कौशल्य परिषदांनी कामांची नवी नावं तयार केली आणि ती ऐच्छिक ट्रेड म्हणून वापरात आली. फील्ड टेक्निशियन संगणकाचा वेगळा, नेटवर्किंग आणि स्टोरेजचा वेगळा. हेल्पडेस्कवर बसणाऱ्याचं नाव ‘डोमेस्टिक आयटी हेल्पडेस्क अटेंडंट’. डोमेस्टिक म्हणजे देशांतर्गत ग्राहकांसाठीचा, पण आपल्याकडे या शब्दाने धुणीभांडी डोळ्यांसमोर येतात आणि मुलं हे नाव बायोडाटात लिहीत नाहीत, तिथे ते ‘टेक्निकल सपोर्ट एक्झिक्युटिव्ह’ होतात.

सप्टेंबर २०१९ च्या नियमांनी विद्यावेतनाची पद्धतच बदलली. २०१४ साली ते अर्धकुशल कामगाराच्या किमान वेतनाच्या ७०, ८० आणि ९० टक्के असं वर्षागणिक चढत होतं. आता शिक्षणानुसार ठोक आकडे आले, ५००० पासून ९००० पर्यंत, आयटीआयवाल्याला ७०००. दुसऱ्या वर्षी १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ. किमान वेतनाशी असलेली नाळ तुटली, आणि महागाईबरोबर आपोआप वाढण्याची सोयही गेली. ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ घेणं सक्तीचं झालं, २.५ ते १५ टक्क्यांच्या मर्यादेत, आणि ऐच्छिक ट्रेडची मुदत सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कितीही. तापकीर गल्लीतल्या दुकानात तीस माणसं कधीच नव्हती, त्यामुळे जिथे हे काम खरोखर शिकलं जात होतं ती जागा सक्तीच्या बाहेर राहिली. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ परिषदेने विद्यावेतनाचे हे आकडे ६८०० ते १२,३०० करण्याची शिफारस केली.

मधल्या काळात महाराष्ट्राने आणखी एक शब्द मिसळला. जुलै २०२४ मध्ये राज्याची युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला ६०००, आयटीआय-पदविकेला ८०००, पदवीधराला १०,०००, मुदत सहा महिने, नंतर वाढवून अकरा. अनेक कार्यालयांत पूर्वी जिथे कोपाचा शिकाऊ बसे तिथे आता हा प्रशिक्षणार्थी बसतो, त्याच संगणकावर. लोक दोघांनाही अप्रेंटिस म्हणतात. पण ही योजना १९६१ च्या कायद्याखालची नाही, त्यामुळे अकरा महिने पूर्ण केले तरी राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळत नाही. रेल्वेच्या खालच्या श्रेणीतल्या भरतीत उमेदवारी केलेल्यांसाठी २० टक्के जागा असतात, त्यांनाही तोच नियम : रेल्वेच्याच आस्थापनेत, कायद्याखाली केलेली उमेदवारी चालते. भुसावळला वर्षभर पासा केलेला मुलगा तिथे अर्ज भरू शकतो. तालुक्याच्या कचेरीतले सगळे प्रिंटर एकट्याने चालू ठेवलेला प्रशिक्षणार्थी त्या रांगेत उभा राहू शकत नाही.