फवारणीआधी वाऱ्याचा अंदाज कसा वाचावा
(आमच्या फवारणी पंपांच्या ग्राहकांसाठी)

उसात मारलेल्या २,४-डी तणनाशकाने शेजारची वांगी किंवा द्राक्षवेल आखडली की दोष पंपाला लागतो. बहुतेक वेळा कारण वारा असते, आणि त्याची माहिती मोबाईलवर आधीच आलेली असते.

अंदाजात वारा जिकडून येतो ती दिशा लिहितात. बेळगाव तालुक्यात पश्चिमेचा वारा चंदगडच्या बाजूने येतो आणि तुमचे औषध पूर्वेला सांबऱ्याकडे नेतो. अंशात दिले असेल तर ९० पूर्व, १८० दक्षिण, २२५ नैऋत्य, २७० पश्चिम, ३६० उत्तर. गोंधळ बाणाने होतो: बऱ्याच अ‍ॅपमध्ये तो वारा कुठे चालला आहे ते दाखवतो. एकदा शेतात उभे राहून जुळवून घ्या.

वेगाचे एकक पाहिल्याशिवाय आकड्यावर जाऊ नका. ताशी १० किमी असेल तर फवारणी चालते. सेकंदाला १० मीटर म्हणजे ताशी ३६ किमी. त्या दिवशी पंप घरीच ठेवा. १० नॉट म्हणजे ताशी साडेअठरा किमी.

हा वेग जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो. मोकळ्या रानात डोक्याच्या उंचीवर तो साधारण पाऊणपट किंवा थोडा कमी भरतो. अंदाजात १२ असेल तर भुईमुगात ८-९ धरा. शिवाय तो सरासरी वेग असतो. मध्येच येणाऱ्या वाऱ्याच्या झोताचा आकडा वेगळा देतात, आणि औषध बांधापलीकडे नेतो तो झोतच.

पिकाजवळ ताशी ३ ते १० किमी वारा फवारणीला ठीक. वारा तोंडाला लागतो, पाने सळसळतात, एवढाच असावा. पाने आणि बारीक फांद्या सतत हलू लागल्या की तणनाशक थांबवा. धूळ उडू लागली म्हणजे वेग २० च्या पुढे गेला.

वारा पूर्ण पडलेला असेल तर तेही नको. हिवाळ्यात पहाटे गार हवा जमिनीलगत साचते, बारीक थेंब खाली न बसता तरंगतात आणि नंतर भलतीकडे सरकतात. धूर वर न जाता आडवा पसरत असेल तर ऊन चढेपर्यंत थांबा.

वारा पश्चिमेचा असेल तर पूर्वेच्या बांधापासून सुरुवात करून दक्षिणोत्तर ओळींनी पश्चिमेकडे सरका, म्हणजे मारलेले औषध अंगावर येत नाही. पूर्वेला कुणाची भाजी असेल तर त्या बाजूच्या सऱ्या वारा फिरेपर्यंत सोडा. तणनाशकाला दाब कमी, थेंब मोठे, नोझल लक्ष्यापासून अर्धा मीटर वर. आणि त्याचा पंप वेगळाच ठेवा. धुऊन भागत नाही.

एप्रिल-मेमध्ये वळवाच्या इशाऱ्यात ‘ताशी ४० ते ५० किमी’ असते. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळे शेडनेटचे ताण सकाळीच आवळा. ढग गडगडला की पंप पाठीवरून उतरवा: तो वारा सकाळच्या अंदाजातल्या दिशेने येत नाही, ढगाच्या बाजूने येतो.