विकणाऱ्याचा तोटा आणि घेणाऱ्याचा सौदा

"मालकानं 100 ला घेतलेलं घर 80 ला सोडतोय, असा चान्स परत नाही." जागा दाखवणारा एजंट हे वाक्य हमखास टाकतो, आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात लगेच गणित जुळतं: त्याचे 20 गेले म्हणजे आपले 20 आले. (चलन कुठलंही धरा, इथं काम फक्त प्रमाणाशी आहे.)

पण ते गेलेले 20 कुणाच्याच खिशात आलेले नसतात. बाजार उतरला तेव्हाच ते विरले. विकणाऱ्याचा भांडवली तोटा त्याच्या खरेदी किमतीपासून मोजतात. आपल्याला सौदा मिळतोय का, हे बघायला वेगळेच आकडे लागतात: तशीच जागा आज कितीला जाते, भाडं किती येतं, डागडुजीला किती घालावे लागतील. यात त्याची खरेदी किंमत कुठेच बसत नाही. त्यानं ऐन तेजीत अव्वाच्या सव्वा पैसे मोजले असतील, तर त्याची भरपाई आपण का करायची?

हाच फ्लॅट जरा जवळून बघू. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावरचा तेवढाच फ्लॅट दोन महिन्यांपूर्वी 72 ला गेलाय. वर्षाचं भाडं 4. त्यातून कर, देखभाल आणि भाडेकरू नसलेले महिने धरून 1.3 वजा केले की हातात 2.7 उरतात. 80 गुंतवून 2.7, म्हणजे 3.4 टक्केसुद्धा नाहीत. म्हणजे विकणाऱ्याचे 20 गेले, आणि आपण 80 ला घेतला तर आपलेही 8 जास्तीचे गेले. एकाच व्यवहारात दोघंही तोट्यात असू शकतात, हे पुष्कळांच्या पचनी पडत नाही.

आता शेजारची इमारत. एका बाईंनी वीस वर्षांपूर्वी 30 ला घेतलेली तशीच जागा. त्यांना आता लेकीकडे कायमचं राहायला जायचंय, आणि 64 आले तर त्या द्यायला तयार आहेत. दुपटीहून जास्त झाले, त्या खुशीत. आणि 72 ची वस्तू 64 ला मिळते म्हणून आपणही. खरा सौदा इथं आहे, पण जाहिरातीत "तोट्यात विकणे आहे" असं लिहिलेलं नसल्यामुळे तिकडे कुणी फिरकत नाही.

मग पहिला मालक 80 वर का अडून बसलाय? बऱ्याचदा उत्तर कर्जात असतं. 100 च्या घराला 80 कर्ज, 20 स्वतःचे. भाव 20 टक्के उतरला की त्याचा स्वतःचा पैसा पूर्ण साफ. 72 ला विकायचं तर कर्ज फेडायला वरचे 8 पदरचे घालावे लागणार. म्हणजे तो 80 चा आकडा घराची किंमत सांगतच नाही, कर्जाची बाकी सांगतो.

कर्ज बाजूला ठेवलं तरी मन आड येतंच. डेव्हिड जेनेसोव्ह आणि क्रिस्टोफर मेयर या अर्थतज्ज्ञांनी 1990 च्या दशकातले बोस्टनमधल्या फ्लॅटविक्रीचे आकडे तपासले आणि 2001 साली निष्कर्ष मांडले. तोट्यात असलेले मालक मागणी किंमत चढी ठेवत होते. खरेदी किंमत आणि अपेक्षित विक्री किंमत यांत जेवढा फरक, त्याच्या 25 ते 35 टक्क्यांइतकी जास्त. त्यांची घरं विकायला वेळही जास्त लागत होता. गंमत म्हणजे शेवटी हातात पडलेली किंमतसुद्धा त्याच फरकाच्या 3 ते 18 टक्के जास्त निघाली. थोडक्यात, तोट्यातला विक्रेता गाठला की माल स्वस्त मिळेल ही समजूत उलटी आहे. तोटा झालेला माणूस चिवट असतो.

आणि "भाव पडलाय" याचा अर्थ "भाव तळाला आलाय" असाही नाही. आयर्लंडमध्ये 2007 पासून 2013 च्या सुरुवातीपर्यंत घरांचे भाव सुमारे निम्म्यावर आले. शिखरापासून 20 टक्के खाली घेणाऱ्याला तेव्हा आपण घबाड मारलं असंच वाटलं असणार. तळ येईपर्यंत त्याच्या 80 चे 50 झाले.

दोन्ही हिशेब एकत्र येतात अशी एक जागा मात्र आहे: कर. घर विकलं जात नाही तोवर तोटा सहसा कागदावरच राहतो, करासाठी धरत नाहीत. एखाद्याला दुसरीकडे मोठा नफा झाला असेल आणि कर वाचवायला त्या नफ्यातून हा तोटा याच वर्षी वळता, म्हणजे वजा, करून घ्यायचा असेल, तर घर विकून तोटा 'बुक' करायची त्याला खरोखरच घाई असते. असा विक्रेता 72 काय, 70 लाही ऐकेल. नियम देशागणिक वेगळे: भारतात मालमत्तेवरचा दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातूनच वळता होतो आणि 8 वर्षं पुढे ओढता येतो, अमेरिकेत राहत्या घरावरचा तोटा करात धरतच नाहीत. घेणाऱ्याला मात्र त्या तोट्यातलं काहीही वारशानं मिळत नाही. त्याचा हिशेब त्यानं मोजलेल्या पैशापासून नव्यानं सुरू.

सौदा हेरायचा तर मी विकणाऱ्याच्या घाईकडे आणि जागेतल्या दोषाकडे बघतो. वारसांतली वाटणी, घटस्फोट, बदली ही घाई खरी. दोषाचं म्हणाल तर विटके पडदे, कोंदट खोल्या, जुनाट फरशी, अडगळीनं भरलेली बाल्कनी यांनी गिऱ्हाईक पळतं, पण हे सगळं थोड्या पैशात सुधारतं. याउलट सगळं घर जुन्या रंगाचं आणि फक्त एका कोपऱ्यात ताजा हात मारलेला दिसला, की तिथं तळहात टेकवून बघावा. गार लागला तर आत पाणी झिरपत असण्याची शंका घ्यावी. तेही एक वेळ दुरुस्त होतं. मालकी हक्काचा वाद किंवा खिडकीसमोरचा गोंगाटाचा रस्ता नाही होत. त्या दोषासाठी भाव कमी असेल, तर तो भाव बरोबरच आहे, स्वस्त नाही.

आणखी एक खूण बोलण्यात सापडते. 80 वाला मालक पहिल्या पाच मिनिटांत तीनदा सांगतो की त्यानं 100 मोजले होते. शेजारच्या बाई त्यांचे 30 काढतही नाहीत. त्या एवढंच विचारतात, "महिनाअखेरपर्यंत दस्त होईल ना?"