दोन प्रती, पण खरी कोणती?

घरच्या सर्व्हरवर फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं साठू लागली की दोन धास्ती मागे लागतात. डिस्क बंद पडली तर? आणि जागा संपली तर? लिनक्समध्ये या दोन्हींची काळजी सॉफ्टवेअरचे वेगवेगळे थर घेतात. कुठल्या थराला काय कळतं आणि काय कळत नाही, हे डिस्क विकत घेण्याआधीच समजून घ्यायला हवं.

मिररिंगची, म्हणजे तोच डेटा दोन डिस्कवर ठेवण्याची कल्पना जुनी आहे. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या बर्कलीच्या तिघांनी १९८८ साली ‘रेड’ची, म्हणजे अनेक डिस्क मिळून एकच असल्यासारख्या वापरण्याच्या पद्धतीची मांडणी केली, तेव्हा तिला त्यात पहिली पातळी मिळाली : रेड-१. डेटाचा प्रत्येक ब्लॉक, म्हणजे छोटा भाग, दोन्ही डिस्कवर लिहिला जातो. वाचताना काम वाटून घेता येतं, लिहिताना मात्र वेग एका डिस्कइतकाच राहतो. ४ टीबी आणि ६ टीबीची जोडी लावली तर हाती ४ टीबीच येतात.

लिनक्समध्ये हे काम एमडी ड्रायव्हर करतो आणि ते एमडीएडीएम या आज्ञेने लावता येतं. तयार झालेली जोडी वरच्या थराला एकच डिस्क वाटते. तो वरचा थर म्हणजे जागेची वाटणी करणारा एलव्हीएम. तो सगळी जागा सहसा ४ एमबीच्या तुकड्यांत मोजतो आणि हवे तितके तुकडे जोडून व्हॉल्यूम, म्हणजे वापरायचा विभाग, बनवतो. तुकडे सलग असण्याची गरज नसते, म्हणूनच इथली जागा लवचिक. फोटोंचं व्हॉल्यूम भरत आलं की शिल्लक तुकड्यांतून ते वाढवायचं. व्हॉल्यूमवर फाइली मांडून ठेवणारी एक्सटी४ फाइल सिस्टीम तर चालू असतानाच मोठी होते. लहान करणं मात्र कटकटीचं आहे. एक्सटी४ त्यासाठी आधी अनमाउंट करावी, म्हणजे वापरातून काढावी लागते, एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टीमच्या बाबतीत तर लहान करण्याचा विचारच सोडावा. म्हणून सुरुवातीला गरजेपुरतंच द्यावं आणि बाकीची जागा मोकळी ठेवावी. सगळी जागा पहिल्याच दिवशी वाटून टाकली, तर एलव्हीएम लावण्यात फारसा अर्थ उरत नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. डिस्क नेहमी धडपणे मरतेच असं नाही. कधी ती चुकीचे बिट देते आणि चूक झाल्याचं सांगतही नाही. रेड-१कडे दोन प्रती असतात. त्या जुळत नाहीत एवढं तपासणीत कळतं, पण खरी कोणती हे ठरवायला त्याच्याकडे काहीच पुरावा नसतो. दुरुस्ती करायला सांगितलं तर तो एक प्रत बरोबर धरतो आणि दुसरीवर तीच लिहितो. बरोबर धरलेली प्रतच नेमकी बिघडलेली असू शकते!

झेडएफएस आणि बीटीआरएफएस या फाइल सिस्टीम इथे वेगळी वाट धरतात. त्या ब्लॉकसोबत चेकसमही, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडाही जपतात. वाचलेला मजकूर चेकसमशी जुळला नाही की दुसरी प्रत तपासायची, ती जुळली तर तिच्यावरून पहिली सुधारायची. मिररिंग आणि जागेची वाटणीही त्याच सांभाळतात, त्यामुळे वेगळे थर लागत नाहीत. शिवाय नवी डिस्क घातल्यावर झेडएफएस फक्त वापरातला डेटा उतरवते. एमडी सहसा रिकामी जागासुद्धा उतरवतो : १० टीबीची डिस्क सेकंदाला २०० एमबी वेगाने भरायला सुमारे १४ तास. तेवढा वेळ सगळी मदार एकाच डिस्कवर असते. जुन्या फोटोंना चेकसम हवाच, असं माझं ठाम मत आहे.

अर्थात चुकून पुसलेली फाइल दोन्ही प्रतींतून एकाच क्षणी जाते, आणि हल्लेखोराने कुलूपबंद केलेला डेटाही दोन्हीकडे सारखाच बंद होतो. त्यासाठी वेगळ्या जागी ठेवलेला बॅकअप लागतोच.

एक काम मात्र डेटा टाकण्याआधी करून पाहा. सर्व्हर बंद करून एका डिस्कची केबल काढा आणि पुन्हा सुरू करा. मशीन सुरू होतं का, डिस्क गेल्याची ईमेल येते का, ते बघा. ईमेल आली नाही तर जोडी महिनोन्‌महिने एकाच डिस्कवर चालत राहील आणि कोणाला पत्ताही लागणार नाही.