‘किमतीच्या मानाने वेगवान’: एका शेऱ्याची पार्श्वभूमी

स्वस्त समजल्या जाणाऱ्या कंपनीने वेगवान गाडी काढली की मासिकातल्या परीक्षणात एक वाक्य हमखास येतं: ‘किमतीच्या मानाने गाडी उत्तम आहे.’ लिहिणाऱ्याने कौतुकच केलेलं असतं. तरी ज्याने स्वतःचे पैसे मोजून ती गाडी घेतलेली असते, त्याच्या ते जिव्हारी लागतं. मग पत्रं सुरू होतात. कुणी म्हणतो, आकडे चुकले. कुणी म्हणतो, तुलनेला घेतलेली दुसरी गाडी दीडपट महाग होती. कुणी शांतपणे लिहितो की चार वर्षं झाली, एकदाही बंद पडली नाही, हे तुमच्या लेखात कुठे आहे?

बाहेरून पाहणाऱ्याला हा गाडीवेड्यांचा हट्ट वाटतो. मला तसं वाटत नाही. या रागाला जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो पाहिला की मालकांची बरीचशी बाजू समजते.

‘द ऑटोकार’ हे ब्रिटिश नियतकालिक १८९५ साली सुरू झालं, पण ठरावीक पद्धतीने घेतलेली चाचणी छापायला १९२८ उजाडलं. ती पहिली गाडी कोणती होती? ऑस्टिन सेव्हन. सामान्य कुटुंबाला परवडावी म्हणून १९२२ मध्ये आलेली इवलीशी गाडी, आणि चाचणीसाठी घेतलेल्या नगावर गॉर्डन इंग्लंड यांची खास बॉडी चढवलेली होती. हे इंग्लंड स्वतः याच गाडीवर शर्यती मारणारे. म्हणजे गाडीच्या परीक्षणाची परंपराच एका स्वस्त गाडीच्या सुधारलेल्या आवृत्तीपासून सुरू झाली. स्वस्त गाडीला वेग शोभत नाही, हा समज मागाहून चिकटलेला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत टॉम मॅककहिल यांनी १९४६ पासून ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’मध्ये गाड्यांवर सडेतोड लिहायला सुरुवात केली. थांबलेल्या गाडीला ताशी ६० मैल गाठायला किती सेकंद लागतात, हे मोजायची सवय वाचकांना लावण्याचं श्रेय सहसा त्यांना दिलं जातं. त्याआधी ‘पिकअप चांगला आहे’ एवढ्यावर भागत असे. आता हातात आकडा आला, आणि आकड्याला किंमत कळत नाही. आठ सेकंद म्हणजे आठ सेकंद, मग बॉनेटवर कोणतंही चिन्ह असो. स्वस्त गाडीवाल्याला हे पहिलं हत्यार मिळालं, आणि पुढचे सगळे वाद या हत्याराच्या धारेवरूनच झाले.

कारण हा आकडा दिसतो तितका साधा नाही. समजा, गाडीचा दुसरा गिअर ताशी ९५ किलोमीटरला संपतो. ताशी ६० मैल म्हणजे साधारण ९६.५ किलोमीटर. आता वेगातल्या त्या ताशी दीड किलोमीटरच्या फरकासाठी चालकाला क्लच दाबून तिसरा टाकावा लागणार, आणि त्यात अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ जाणार. शेजारच्या गाडीचा दुसरा गिअर शंभरपर्यंत जात असेल तर ती कागदावर जिंकते, रस्त्यावर दोघी बरोबरीने धावत असल्या तरी. शिवाय अनेक अमेरिकी मासिकं ड्रॅग शर्यतीच्या, म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीच्या, रिवाजाप्रमाणे गाडी पहिला एक फूट सरकल्यानंतर घड्याळ सुरू करतात. तेवढ्याने साधारण तीन दशांश सेकंद वाचतात. ब्रिटिश पद्धतीत दोन्ही दिशांना धावून सरासरी काढायची चाल आहे. एकाच गाडीचे दोन मासिकांतले आकडे जुळत नाहीत ते बहुतेक वेळा यामुळे. खोटं कुणीच बोललेलं नसतं, पण मोजायची रीत लेखात छापली नाही की मालकाच्या मनात संशय बसतो.

आकडे फुगवण्याचे प्रकारही घडलेच. मार्च १९६४ मध्ये ‘कार अँड ड्रायव्हर’ने पॉन्टियाक जीटीओ आणि फेरारी जीटीओ यांची तुलना मुखपृष्ठावर घेतली. फेरारी प्रत्यक्षात मिळालीच नाही, त्यामुळे मुखपृष्ठावर दोन्ही गाड्यांचं चित्र रंगवून घेतलं. पॉन्टियाकने ४.६ सेकंदांत ताशी ६० मैल गाठल्याचं छापून आलं. विक्री दालनात मिळणाऱ्या जीटीओमध्ये ३८९ घन इंचांचं इंजिन असे. पॉन्टियाकच्या जाहिरातीची बाजू सांभाळणारे जिम वँगर्स यांनी अनेक वर्षांनी कबूल केलं की चाचणीच्या गाडीत गुपचूप ४२१ घन इंचांचं इंजिन बसवलेलं होतं. मासिकाकडे येणारी गाडी कंपनीकडून येते, ती कंपनीने निवडलेली असते, क्वचित सजवलेलीही असते. ‘तुमच्याकडे आलेली गाडी आणि माझ्या दारातली गाडी एकच आहे का?’ हा मालकांचा सवाल म्हणूनच वाजवी आहे.

याच काळात स्वस्त आणि वेगवान हे दोन शब्द मुद्दाम एकत्र बांधणाऱ्या गाड्या आल्या. ब्रिटनमध्ये १९६१ ची मिनी कूपर. जॉन कूपर यांच्या संघाने १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ दोन वर्षं फॉर्म्युला वनचं विजेतेपद घेतलं होतं, आणि त्यांनी घरगुती मिनीत ९९७ सीसीचं ५५ अश्वशक्तीचं इंजिन आणि पुढे डिस्क ब्रेक बसवले. १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये मिनीने मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. अमेरिकेत १९६८ ची प्लिमथ रोडरनर आली: आत सलग बाक, फरशीवर गालिच्याऐवजी रबर, पण बॉनेटखाली ३३५ अश्वशक्ती. पैसा कुठे वाचवायचा आणि कुठे ओतायचा, हे तिच्या कर्त्यांनी उघडउघड ठरवलं होतं, आणि गिऱ्हाइकांना ते पटलं. पुढच्याच वर्षी ‘मोटर ट्रेंड’ने तिला वर्षातली सर्वोत्तम गाडी ठरवलं.

१९७६ मध्ये फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय आली. ११० अश्वशक्ती, आठशे किलोंच्या आसपास वजन. कंपनीने पाच हजार गाड्यांचा बेत केला होता, आणि पहिल्या पिढीतच साडेचार लाखांवर खपल्या. या गाडीचा एक परिणाम फारसा कुणी बोलून दाखवत नाही. तिच्यानंतर प्रत्येक ‘हॉट हॅच’ला, म्हणजे छोट्या हॅचबॅकच्या वेगवान आवृत्तीला, तिच्याशेजारी उभं करून जोखायची सवय परीक्षकांना लागली. दाराचा आवाज कसा येतो, डॅशबोर्डचं प्लास्टिक बोटाला मऊ लागतं का, स्टिअरिंग किती बोलकं आहे, हे मापदंड तिथून आले. स्वस्त ब्रँडची गाडी वेगात बरोबरी करू शकायची, पण बोटाखालच्या प्लास्टिकमध्ये हरायची, कारण किंमत खाली ठेवण्यासाठी नेमकी तिथेच कात्री लावलेली असते. परीक्षक ती कात्री ‘उणीव’ म्हणून मांडतो. मालकासाठी तो त्याने स्वतः मान्य केलेला सौदा असतो. या दोन नजरांमधलं अंतर कोणत्याही आकड्यापेक्षा मोठं आहे, असं माझं ठाम मत आहे.

चिन्हाचं ओझं किती जड असतं हे स्कोडा या चेक कंपनीकडे पाहिलं की कळतं. १९७७ मध्ये स्कोडा १३० आरएसने मॉन्टे कार्लो रॅलीत १३०० सीसीच्या गटात पहिला क्रमांक मिळवला होता. तरीही ब्रिटनमध्ये ऐंशीच्या दशकात स्कोडा म्हटलं की विनोदच सुरू व्हायचे. १९९१ मध्ये फोक्सवॅगनने कंपनीत भागीदारी घेतली आणि २००० साली १८० अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया आरएस आली. १.८ लिटरचं ते टर्बो इंजिन त्याच समूहातल्या महाग ऑडी आणि फोक्सवॅगन गाड्यांच्या कुळातलं होतं. ब्रिटिश पोलिसांनीही गस्तीला ही गाडी वापरली. अशा गाडीच्या परीक्षणाची सुरुवात जुन्या विनोदाने झाली तर मालकाला काय वाटेल? त्याने इंजिन पाहिलं, सामानाची जागा पाहिली, पैशांचं गणित केलं, आणि हसणाऱ्यांची पर्वा न करता गाडी घेतली. त्या निर्णयाची टिंगल होते तेव्हा तो चिडतो. चिडणारच.

सियाटची गोष्ट याहून बोलकी. या स्पॅनिश कंपनीने १९९६ मध्ये दोन लिटर गटाचा जागतिक रॅली चषक जिंकला आणि आपल्या इबिझा या छोट्या गाडीची कूप्रा नावाची वेगवान आवृत्ती काढली. २०१४ मध्ये लिऑन कूप्रा २८० ने जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंग या शर्यतीच्या मार्गाची फेरी ७ मिनिटं ५८.४ सेकंदांत पूर्ण केली. इंजिनची ताकद फक्त पुढच्या चाकांना मिळणाऱ्या, बाजारात विकल्या जाणाऱ्या गाडीने आठ मिनिटांच्या आत येण्याची ती पहिली वेळ. काही महिन्यांतच रेनो मेगानने तो विक्रम मोडला. आणि २०१८ मध्ये कंपनीने कूप्रा हा स्वतंत्र ब्रँडच केला, सियाटचं चिन्ह काढून टाकून. वेग सिद्ध करूनही जुन्या नावाने वरची किंमत मिळवणं अवघड जातं, हे कंपनीलाच कळून चुकलं होतं.

आता मालकांच्या बाजूने या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं प्रकरण. १९९९ ची फोर्ड मस्टँग कोब्रा ३२० अश्वशक्तीची म्हणून विकली गेली. मस्टँग म्हणजे कमी पैशांत मोठं इंजिन, ही तिची पहिल्यापासूनची ओळख. मालकांनी गाड्या ‘डायनो’वर चढवायला सुरुवात केली. डायनो म्हणजे जमिनीत बसवलेले जड रूळ. चालवणारी चाकं त्यावर ठेवायची, गाडी पट्ट्यांनी करकचून बांधायची, समोर मोठा पंखा लावायचा आणि ॲक्सिलरेटर तळाला टेकवायचा. गाडी जागची हलत नाही, पण रूळ किती जोराने फिरले यावरून पडद्यावर आलेख वर चढत जातो. इंजिनपासून चाकापर्यंत येताना काही ताकद गिअरबॉक्स आणि ॲक्सलमध्ये खर्ची पडते, ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण ती वजावट धरूनही आलेख जिथे पोचायला हवा तिथे पोचत नव्हता. मासिकांच्या चाचण्यांतही गाडी अपेक्षेपेक्षा मंद निघत होती. ऑगस्ट १९९९ मध्ये फोर्डने विक्री थांबवली, विकलेल्या गाड्या परत बोलावल्या आणि इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा नळ्यांचा संच), एक्झॉस्ट आणि इंजिनचा संगणक यांत दुरुस्त्या करून दिल्या. २००० सालची कोब्रा नेहमीच्या विक्रीला आलीच नाही.

मग एकेक प्रकरण बाहेर येत गेलं. माझदाने २००१ च्या मियाटा या दोन आसनी स्पोर्ट्स कारचे १५५ अश्वशक्तीचे आकडे १४२ वर आणले आणि नाराज गिऱ्हाइकांना गाडी परत घेण्याची तयारी दाखवली. ह्युंदाईनेही २००२ मध्ये आपल्या गाड्यांची अश्वशक्ती जास्त सांगितली गेल्याचं मान्य केलं. उलट उदाहरणही आहे. २००३ ची डॉज निऑन एसआरटी-४ कागदावर २१५ अश्वशक्तीची होती, किंमत वीस हजार डॉलरच्या किंचित खाली. मागच्या काचा हाताने फिरवायच्या, सायलेन्सरचा डबा नाहीच, टर्बोच आवाज दाबेल तेवढा दाबेल. डायनोवर तिची चाकंच जवळपास तेवढी ताकद दाखवू लागली, म्हणजे इंजिन त्याहून बरंच जास्त देत होतं.

तोवर मालकांचा अनुभव मोजायची वेगळी परंपराही रुजली होती. १९६८ मध्ये जे. डी. पॉवर यांनी गाडीमालकांची मतं गोळा करणारी संस्था काढली. १९७३ मध्ये त्यांच्या पाहणीत माझदाच्या रोटरी इंजिनातल्या एका सीलचा दोष उघड झाला. तो दोष तीस ते पन्नास हजार मैलांच्या टप्प्यावर दिसत होता. आठवडाभर गाडी वापरून परत करणाऱ्या परीक्षकाला तो दिसणं शक्यच नव्हतं. माझ्या मते परीक्षक आणि मालक यांच्यातल्या वादाचं मूळ इथे आहे. एक जण दर आठवड्याला वेगळी गाडी चालवतो, म्हणून त्याला तुलना कळते. दुसरा एकच गाडी हजार सकाळी सुरू करतो, म्हणून त्याला गाडी कळते. मालकही चुकतात, अर्थात. स्वतः निवडलेल्या वस्तूचे दोष पाहायला मन तयार होत नाही, आणि दुसरी गाडी न चालवताच आपली श्रेष्ठ ठरवणारी पत्रं मी भरपूर वाचली आहेत.

जाहिरातीचा संशयही या भांडणात नेहमी डोकावतो. तो हवेतला नाही. २००५ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मधल्या लिखाणावर नाराज होऊन जनरल मोटर्सने त्या वृत्तपत्राच्या जाहिराती काही महिने बंद ठेवल्या होत्या.

या सगळ्या वाटा २०१७ च्या ह्युंदाई आय-३० एनपाशी येऊन मिळतात. १९८६ मध्ये ह्युंदाई अमेरिकेत एक्सेल घेऊन उतरली ती ४,९९५ डॉलरला. पहिल्याच वर्षी दीड लाखांवर गाड्या खपल्या, आणि पुढे दर्जाच्या तक्रारींनी नाव पार खाली गेलं. ते सावरायला १९९८ मध्ये दहा वर्षांची किंवा एक लाख मैलांची इंजिन-गिअरबॉक्स वॉरंटी द्यावी लागली. २०१५ मध्ये बीएमडब्ल्यूच्या एम या वेगवान गाड्यांच्या विभागातले अल्बर्ट बिअरमान ह्युंदाईत आले आणि त्यांच्या देखरेखीखाली ह्युंदाईचा ‘एन’ हा वेगवान गाड्यांचा विभाग उभा राहिला. हे अक्षर नामयांग (कंपनीचं कोरियातलं संशोधन केंद्र) आणि न्यूर्बुर्गरिंग या दोन ठिकाणांवरून घेतलेलं.

ही गाडी दोन रूपांत आली. एक २५० अश्वशक्तीची, १८ इंची चाकांची, मिशेलिन टायरवर. दुसरी २७५ अश्वशक्तीची, १९ इंची चाकांवर पिरेली टायर, मोठे ब्रेक आणि पुढच्या दोन चाकांत ताकद वाटणारा इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल असलेली. नावात फक्त ‘परफॉर्मन्स’ या शब्दाचा फरक. पण वळणातून बाहेर पडताना आतलं चाक फिरून वाया जातं की गाडी आत ओढली जाते, हे त्या डिफरन्शियलवर ठरतं. परीक्षणाला बहुतेक वेळा २७५ वालीच दिली जायची, आणि लेखाच्या मथळ्यात मात्र दोघींचं नाव एकच छापलं जायचं. २५० वाली घेतलेला मालक ते वाचायचा, आणि पत्राच्या पहिल्याच ओळीत विचारायचा: तुम्ही चालवलीत त्या गाडीला टायर कोणते होते?