आधी हवा, मग नट

एसटीचं किंवा ट्रकचं चाक रस्त्यात बदलताना आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. क्लीनर खाली उतरतो, दुसऱ्या चाकाला दगड लावतो, लांब पान्यावर उभा राहून नट सैल करतो, मग जॅक लावतो. टायरमध्ये हवा आहे की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. चाक निघालं म्हणजे झालं.

विमानाचं चाक बदलणारा तंत्रज्ञ हीच कामं करतो, पण एका बाबतीत अगदी उलटा वागतो. टायर चांगला टणक असला, नुसती झीज झाली म्हणून काढायचा असला, तरी त्यातली हवा आधी सोडतो. ती गेल्याची खात्री होईपर्यंत मधल्या मोठ्या नटाला पाना लागत नाही. भरलेली हवा फुकट का घालवायची, हा प्रश्न नवख्याला पडतोच. उत्तर चाकाच्या बांधणीत आहे.

विमानाचा टायर इतका जाड आणि ताठ असतो की मोटारीच्या टायरसारखा तो पहारीने रिमवर चढवता येत नाही. म्हणून रिमच दोन अर्धुकांची करतात. दोन्ही बाजूंनी एकेक अर्धुक टायरमध्ये बसवायचं आणि डझनाहून जास्त लांब बोल्टांनी ती एकमेकांना आवळायची. बिस्किटांच्या मधलं क्रीम म्हणजे टायर, असं समजा. आत दाब भरला की तो ही दोन अर्धुकं सतत एकमेकांपासून दूर ढकलत असतो आणि बोल्ट त्यांना धरून ठेवतात. प्रत्येक उतरण्याबरोबर बोल्टांवर धक्के बसतात, प्रत्येक ब्रेकबरोबर ते तापतात. त्यातले काही आतून चिरले किंवा तुटले, तरी चाक एक्सलवर असेपर्यंत ते बाहेरून कळेलच असं नाही. कारण एक्सलच्या टोकाचा नट बाहेरच्या अर्धुकाला दाबून बसलेला असतो. म्हणजे बोल्टांचं उरलेलं काम गुपचूप तो नट करत असू शकतो. अशा वेळी हवा न सोडता नट काढला, तर आपण टायर काढत नसतो, तोफेची खुंटी काढत असतो.

आपल्याकडे जुन्या पद्धतीच्या ट्रकच्या चाकांना सुटी रिंग असते. हवा भरताना ती रिंग उडाली तर काय होतं, हे हायवेवरच्या कुठल्याही पंक्चरवाल्याला विचारा. ट्रकच्या टायरमध्ये शंभर-सव्वाशे पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) दाब असतो. आपल्या मोटारीत ३०-३५. आपण ज्यातून मुंबई-दिल्ली करतो त्या बोइंग ७३७ किंवा एअरबस ३२० च्या मुख्य चाकात सुमारे २०० पीएसआय!

हा आकडा नुसता ऐकून अंगावर येत नाही, म्हणून एक ढोबळ हिशोब करून पाहिला. अशा टायरच्या आत साधारण दोनशे लिटर वायू मावतो असं धरलं, तर २०० पीएसआयला कोंबलेला तो वायू एका झटक्यात सुटताना जवळपास चार लाख ज्यूल ऊर्जा मोकळी करेल. एक टनाची मोटार तेरा मजले वर उचलायला तेवढी ऊर्जा पुरते. तंत्रज्ञाच्या गुडघ्याएवढ्या अंतरावर ती शांतपणे बसलेली असते.

हवा सोडतानाही घाई चालत नाही. व्हॉल्व्हच्या आतली छोटी पिन दाब असताना थेट काढायला गेलं, तर ती गोळीसारखी सुटते. म्हणून आधी ठरलेल्या अवजाराने दाब उतरवायचा आणि पिन नंतर काढायची.

इतका दाब लागतोच कशाला? विमानाच्या वजनामुळे, आणि चाकं मोजकीच असल्यामुळे. ७३७-८०० चं उड्डाणावेळचं कमाल वजन ७९ टनांच्या घरात असतं आणि त्यातलं बहुतेक चार मुख्य चाकांवर येतं. एकेका चाकाला अठरा टन. टायर जमिनीला टेकतो ती जागा म्हणजे साधारण चौदा इंच लांबी-रुंदीचा चौकोन. भार भागिले क्षेत्रफळ केलं की दाब निघतो, आणि तो दोनशेच्या आसपासच येतो. दाब कमी ठेवला तर टायर जास्त चपटा होणार, त्याच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकणार, आणि वारंवार वाकवलेली तार तापते तसं रबर आतून तापणार. रबर उष्णता लवकर सोडत नाही. विमान धावपट्टीकडे जाताना दोन-चार किलोमीटर नुसतं रांगत गेलं, तरी दाब कमी असलेला टायर आतल्या आत नासत जातो.

आता खरी मेख. मोटारीचा टायर बसला की गाडी एका बाजूला कलते, आपल्याला लगेच कळतं. विमानाच्या एकाच एक्सलवर शेजारी शेजारी दोन चाकं असतात. एकाची हवा निम्म्यावर आली, तरी शेजारचं चाक एक्सल तेवढ्याच उंचीवर धरून ठेवतं. दोन्ही टायर दिसायला सारखेच, बोटाने दाबून तर काहीच कळत नाही. कळतं ते फक्त गेज लावल्यावर. त्यामुळे विमानाच्या टायरचा दाब डोळ्यांनी तपासणं हा प्रकारच नाही.

म्हणून दाबासाठी ठरलेल्या पायऱ्या असतात. टायर कंपन्यांची सर्वसाधारण शिफारस अशी: दाब ठरल्यापेक्षा पाच टक्क्यांपर्यंत कमी आढळला तर भरून घ्या, कारण दिवसाकाठी थोडा दाब उतरणं स्वाभाविक आहे. नव्वद टक्क्यांच्या खाली गेला तर चाक काढा. ऐंशीच्याही खाली गेला तर ते चाक काढाच, शिवाय त्याचा शेजारीही काढा. शेजाऱ्याचा दाब तेव्हा अगदी बरोबर असतो, तरी तो काढायचा, कारण दोघांचा भार त्याने एकट्याने ओढलेला असतो आणि आत काय फाटलं आहे ते दिसत नाही.

हा नियम न पाळल्याची किंमत ११ जुलै १९९१ ला जेद्दाच्या विमानतळावर मोजली गेली. हजयात्रा आटोपून नायजेरियातल्या सोकोटोला परतणाऱ्या यात्रेकरूंचं ते विमान होतं. नाव नायजेरिया एअरवेजचं, विमान आणि कर्मचारी कॅनडाच्या नेशनएअर कंपनीचे, जात डीसी-८. मुख्य चाकांच्या टायरांत दाब कमी आहे हे कंपनीच्या मेकॅनिकांना माहीत होतं. उड्डाणाआधी तो भरायचाही प्रयत्न झाला, पण विमानाच्या टायरमध्ये हवेऐवजी भरतात तो नायट्रोजन चटकन मिळेना आणि उशीर करायची जबाबदार माणसाची तयारी नव्हती. विमान तसंच सोडलं.

त्यानंतर सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं घडलं. जेद्दाच्या उन्हाळ्यात विमान रांगत धावपट्टीपर्यंत गेलं. कमी दाबाच्या टायरचा भार शेजाऱ्यावर आला आणि आधी फुटला तो शेजारी. पाठोपाठ दुसराही गेला, त्याचं चाक फिरायचं थांबलं आणि धावपट्टीवर घासटत पेटलं. वैमानिकांना काहीतरी वाजल्याचं कळलं, पण चाकं आत घेतल्यावर ज्या खोबणीत बसतात तिथे आग लागल्याचं सांगणारी यंत्रणा नव्हती. उड्डाण झालं आणि नेहमीप्रमाणे चाकं आत घेतली गेली. म्हणजे जळता टायर विमानाच्या पोटात गेला. एकामागून एक इशारे सुरू झाले, विमान परत वळलं, पण धावपट्टी गाठण्याआधीच कोसळलं. २४७ प्रवासी आणि १४ कर्मचारी, २६१ माणसं. कोणीही वाचलं नाही.

या घटनेसमोर मला मुद्दाम दुसरी ठेवावीशी वाटते. सप्टेंबर २०२५ मध्ये कांडल्याहून मुंबईला निघालेल्या एका छोट्या प्रवासी विमानाचं मुख्य चाकांपैकी एक उड्डाणाच्या वेळी निखळून मागेच राहिलं. विमान मुंबईला आलं, उरलेल्या चाकांवर सुखरूप उतरलं. बातमी भयंकर, परिणाम काही नाही. एक चाक पूर्ण गेलं तरी चालावं अशीच रचना असते. तिला झेपत नाही ते अर्धवट हवेचं चाक, कारण ते कामावर हजर असल्याचं सोंग करतं.

नायट्रोजनच कशाला, साधी हवा का नाही? यामागेही एक अपघात आहे. ३१ मार्च १९८६ ला मेक्सिको सिटीहून निघालेलं मेक्सिकाना कंपनीचं बोइंग ७२७ डोंगरात कोसळलं आणि १६७ जण गेले. एका चाकाचा ब्रेक घासत राहून तापला होता आणि त्या टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा होती. फार तापलं की टायरच्या आतल्या रबरातून ज्वलनशील वाफा निघतात. सोबत ऑक्सिजन असेल तर बंद टायरच्या आत स्फोट होतो. तो हवेत असताना, चाकांच्या खोबणीत झाला आणि शेजारून जाणाऱ्या इंधनाच्या व हायड्रॉलिकच्या नळ्या तुटल्या. अमेरिकेच्या विमान प्राधिकरणाने पुढच्याच वर्षी मोठ्या विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांत ऑक्सिजन पाच टक्क्यांहून जास्त नसावा असा आदेश काढला. नायट्रोजन कोरडा असल्याने वर उणे पन्नास अंशांत आत बर्फ होत नाही आणि रिम गंजत नाही, हे वरचे फायदे. (पेट्रोल पंपावर मोटारीत पैसे मोजून नायट्रोजन भरतात त्यांनी भरावा. मोटारीचे ब्रेक एवढे तापत नाहीत आणि साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो.)

तापलेल्या चाकाची एक गंमत आहे, म्हणजे जवळ उभं असलेल्याला ती गंमत वाटत नाही. विमान थांबलं त्या क्षणी चाक सर्वांत गरम नसतं. उष्णता ब्रेकच्या चकत्यांत असते. ती रिमपर्यंत पोचायला वेळ लागतो, गॅस बंद केला तरी कुकरचं बूड तापत राहतं तसं. उड्डाण अर्ध्यावर सोडून जोरात ब्रेक लावले तर कार्बनच्या चकत्या हजार अंशांच्या पुढे जाऊ शकतात आणि रिम सर्वांत गरम होते ती पंधरा-वीस मिनिटांनी. टायर फुटू नये म्हणून रिममध्ये लहान बुचं बसवलेली असतात. त्यातला मिश्रधातू पावणेदोनशे अंशांच्या आसपास वितळतो आणि वायू फुस्स करून निघून जातो. टायर बसतो, फुटत नाही. तरीही अशा चाकाजवळ जावंच लागलं तर समोरून किंवा मागून जायचं, बाजूने कधीच नाही, कारण रिम फुटली तर तुकडे एक्सलच्या दिशेने, आडवे उडतात. आणि शक्य असेल तर जायचंच नाही, थांबायचं.

प्रत्यक्ष बदलण्याचं काम त्या मानाने साधं. चाकांचे पाय चुकून दुमडू नयेत म्हणून त्यांत लाल फडकी लावलेल्या पिना खोचायच्या, बाकीच्या चाकांना मागेपुढे चॉक, म्हणजे अडसराचे ठोकळे, लावायचे. जॅक एक्सलखालच्या ठरलेल्या जागी बसतो. विमान उचलायचं नसतं, चाक जमिनीपासून जेमतेम सुटलं की पुरे. कित्येक विमानांत या वेळी पार्किंग ब्रेक मुद्दाम लावून ठेवतात, त्यामुळे ब्रेकच्या चकत्यांच्या खाचा एका रेषेत राहतात. ब्रेक चुकून सुटला की चकत्या आपापल्या दिशेला घसरतात आणि नवं चाक बसवणाऱ्याचा घाम निघतो. टायरसकट चाकाचं वजन दोन माणसांएवढं, ते ढकलगाडीवर घेऊनच आत सरकवायचं. एक्सलच्या आट्यांवर धातूचं संरक्षक टोपण घालतात, कारण तिथे एक ओरखडा म्हणजे पुढची भलतीच मोठी दुरुस्ती.

मग नट. माझ्या मते या कामातली सर्वांत नाजूक जागा हीच. चाकात निमुळत्या रोलरची दोन बेअरिंगं असतात. नट थेट शेवटच्या मापाला आवळला तर रोलर वाकडेच अडकू शकतात. म्हणून चाक हाताने फिरवत आधी जास्त जोराने आवळायचं, रोलर जागेवर बसले की सैल करायचं आणि मग फिरवत फिरवतच कमी मापाला आवळून कुलूपबंद करायचं. जास्त घट्ट राहिलं तर बेअरिंग जळतं, सैल राहिलं तर चाक डुलत डुलत स्वतःला खाऊन टाकतं. हाताच्या अंदाजाला इथे वाव नाही. टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) आणि पायऱ्या लिहिलेला कागद, दोन्ही लागतात.

कागद कशाला लागतो याचं उदाहरण कॉन्कॉर्डचं आहे. २५ जुलै २००० ला पॅरिसजवळ पडलेल्या त्या विमानाच्या डाव्या चाकांच्या जुळणीत काही दिवस आधीच्या दुरुस्तीत एक स्पेसर (दोन भागांमधलं अंतर राखणारा तुकडा) परत घालायचाच राहिला होता. अपघाताचं कारण धावपट्टीवर पडलेली धातूची पट्टी आणि तिने फाडलेला टायर हे होतं, स्पेसरचा त्यात हात नव्हता असं फ्रेंच तपासाने म्हटलं. पण एक आख्खा भाग वर्कशॉपमध्ये राहून गेला आणि विमान उडत राहिलं, हे मात्र खरं.

नवं चाक जागेवर बसलं की नायट्रोजनची नळी येते. सिलिंडरमध्ये दाब हजारांत असतो, म्हणून मधे रेग्युलेटर हवाच, आणि भरताना माणूस चाकाच्या बाजूला नाही, पुढे किंवा मागे लांब उभा. दाब बघितला, शेजाऱ्याचाही बघितला, पिना काढल्या, अवजारं मोजली, सही केली. तासाभराचं काम.

काढलेलं चाक वर्कशॉपला जातं. अर्धुकं सुटी करून बोल्टांना चिरा आहेत का ते तपासतात. टायरचा सांगाडा धड असेल तर त्यावर नवं रबर चढवतात आणि बाजूवर आर-१, आर-२ असा आकडा उमटवतात. रबर चढवून परत आलेल्या टायरमध्ये दाब भरल्यावरही त्याला दिवसभर तसाच ठेवतात, कारण नायलॉनचे धागे ताणून टायर थोडा फुगतो आणि दाब उतरतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेज लावतात.