मार्फनची जीन टेस्ट करायचीय? आधी आजार असलेल्या माणसाला आणा

मार्फन किंवा एहलर्स-डॅनलॉस (दोन्ही शरीर जोडून धरणाऱ्या ऊतींचे, जीनमधल्या बिघाडाने होणारे आजार) यांच्या टेस्टला आलेल्या बऱ्याच जणांना आम्ही पहिल्या दिवशी रक्त न घेताच परत पाठवतो, मग काउंटरवर आवाज चढतो, "पैसे देतोय की, घ्या ना सॅम्पल". म्हणून हे छापलंय, यायच्या आधी वाचा की ओ.

होतं असं, की आजार वडलांना असतो. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, महाधमनी हृदयाजवळ रुंद झालेली दिसते, डोळ्यातलं भिंग सरकलेलं असतं, उंच शरीर, लांबसडक बोटं, आणि घरचे घेऊन येतात धडधाकट पोराला. "त्यांचं काय आता, पोराचं तेवढं बघा." पण पोराच्या रिपोर्टमध्ये काहीच निघालं नाही तर त्याचा अर्थ काय लावायचा? म्युटेशन, म्हणजे जीनमधला बिघाड, पोरात आलंच नाही, का तुमच्या घरातलं म्युटेशन या टेस्टला दिसतच नाही, हे कुणालाच सांगता येत नाही. पैसे गेले, महिना गेला आणि शंका तशीच राहिली.

मार्फनमध्ये बिघाड असतो एफबीएन-१ या जीनमध्ये, १५ नंबरच्या क्रोमोसोमवर. जीन मोठा आहे, आणि त्यात हजाराच्या वर वेगवेगळी म्युटेशन सापडलीत, बहुतेक घरांचं आपापलं वेगळं. चादरीच्या मागावर डिझाइनची पंच कार्डं असतात ना, त्यातलं कुठलं कार्ड चुकलंय ते डिझाइन बिघडलेली चादर हातात असली तरच शोधता येतं, चांगली चादर बघून काय कळणार. आजारी माणसाचं म्युटेशन एकदा सापडलं, की बाकी घरच्यांचं फक्त तेवढंच ठिकाण तपासायचं, खर्च बराच कमी आणि उत्तर सरळ हो किंवा नाही. नाही आलं तर त्या पोराला मार्फनसाठी दरवर्षी इको काढत बसायची गरज नाही.

टेस्ट आधीच दुसरीकडे झाली असेल तर पूर्ण रिपोर्ट आणा. व्हॉट्सॲपवर पहिल्या पानाचा फोटो चालत नाही, म्युटेशनचं अक्षरं-आकड्यांचं नाव बहुतेक आतल्या पानावर असतं, आणि एक आकडा जरी चुकला तरी लॅबवाले फॉर्म परत पाठवतात.

"नात्यात लग्न केलं म्हणून झालं का?" हे तर रोज विचारायलेत. मार्फनला ते कारण नाही, आईवडलांपैकी एकाकडून आलं तरी पुरतं, प्रत्येक मुलाला ५० टक्के शक्यता, मुलगा असो की मुलगी. साधारण चारातल्या एका पेशंटमध्ये तर ते नव्यानेच होतं, घरात कुणालाच नसतं, उगाच सुनेच्या माहेरावर ढकलू नका. एहलर्स-डॅनलॉसचे काही दुर्मिळ प्रकार मात्र दोघांकडून आले तरच होतात, तिथं नात्यातलं लग्न विचारात घ्यावं लागतं.

नुसते सांधे लवचिक आहेत म्हणून टेस्ट मागणाऱ्यांना आम्ही आधी डॉक्टरांकडे पाठवतो. एहलर्स-डॅनलॉसच्या त्या हायपरमोबाइल (लवचिक सांध्यांच्या) प्रकाराचा जीन अजून सापडलेलाच नाही, मग तुमच्याकडून पैसे कशाचे घ्यायचे? धंद्याच्या हिशोबाने आम्ही वेडेच, पण लोक परत येतात ते याच्यामुळंच.

रिपोर्टमध्ये सापडलेल्या बदलापुढे 'अर्थ अनिश्चित' असं लिहून आलं तर तो आजार पक्का समजू नका आणि कागद फेकूनही देऊ नका, आईवडलांचं सॅम्पल लावून बऱ्याचदा उलगडा होतो. ते डॉक्टरांसोबत बसून आम्ही समजावतो, वेगळे पैसे नाहीत.

उपाशीपोटी यायची गरज नाही, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये थोडंसं रक्त लागतं. हल्लीच कुणाचं रक्त चढवलं असेल तर आधी सांगा. म्हाताऱ्या माणसाला जिना चढवत नसेल तर जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोडला घरी येऊन सॅम्पल घेतो, अक्कलकोट-बार्शीकडचं आदल्या दिवशी फोन करून ठरवा.