पात्याचं काम संपतं, धार संपत नाही

नवं पातं डोळ्यांदेखत वेष्टनातून काढलं की गिऱ्हाईक निर्धास्तपणे मान मागे टाकतं. जुनं पातं कुठे गेलं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. बहुतेक वेळा ते कागदाच्या तुकड्यात गुंडाळून केसांच्या ढिगात पडतं, तिथून पिशवीत जातं आणि शेवटी ती पिशवी उचलणाऱ्याच्या बोटाला भेटतं. सलूनच्या कचऱ्यात वजनाला सगळ्यांत हलकी आणि धोक्याला सगळ्यांत भारी वस्तू ही आहे.

दुधारी पात्याची जाडी साधारण 0.1 मिलिमीटर. एका दाढीने त्याची धार इतकीही बोथट होत नाही, की ते प्लास्टिकच्या पिशवीतून आरपार जाणार नाही. शिवाय दाढी करताना त्वचेला डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात, त्यामुळे रक्ताचा डाग नसलेलं पातंही स्वच्छ समजता येत नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, किमान 7 दिवस लागण करण्याच्या स्थितीत टिकतो. बाधित रुग्णाला टोचलेली सुई रुग्णालयात कुणाला लागली, तर लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता 6 ते 30 टक्के धरतात. हिपॅटायटिस सीसाठी ती सुमारे 2 टक्के आणि एचआयव्हीसाठी सुमारे 0.3 टक्के. पोकळ सुईत रक्त जास्त असतं, पात्यावर कमी, म्हणून हे आकडे सलूनला जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण लोक सगळ्यांत जास्त घाबरतात एचआयव्हीला, आणि सहज पसरणारा विषाणू दुसराच आहे, हे त्यांतून स्पष्ट दिसतं. हिपॅटायटिस बीवर उत्तम लस आहे. कारागिरांनी आणि कचरा हाताळणाऱ्यांनी ती घ्यायलाच हवी.

विसाव्या शतकात अमेरिकेतल्या अनेक घरांत न्हाणीघराच्या कपाटाला एक बारीक फट असायची. वापरलेलं पातं त्या फटीतून टाकलं की ते भिंतीच्या पोकळीत पडायचं आणि तिथेच राहायचं. आजही अशा घराची भिंत फोडली तर गंजलेल्या पात्यांची रास सापडते. प्रश्न तिथे सुटला नव्हता, पुढच्या गवंड्याकडे ढकलला होता. कागदात गुंडाळलेलं पातंही तेच करतं.

यावरचा उपाय स्वस्त आहे: भोसकलं न जाणारा जाड प्लास्टिकचा किंवा पत्र्याचा डबा आणि त्याच्या झाकणाला पातं जाईल एवढीच फट. डबा खुर्चीपासून हाताच्या अंतरावर हवा. दोन पावलं जरी चालावं लागलं, तरी गर्दीच्या वेळी पातं आधी टेबलावर आणि मग केरात जाणार, हे ठरलेलं. डबा तीन चतुर्थांश भरला की फट चिकटपट्टीने बंद करायची, वर मोठ्या अक्षरांत ‘धारदार पाती’ लिहायचं आणि तो वैद्यकीय किंवा धोकादायक कचरा घेणाऱ्या यंत्रणेकडे द्यायचा. उघडी पाती थेट भंगारात कधीही नको.

रक्त लागलेला कापूस आणि मानेच्या पट्ट्या वेगळ्या पिशवीत गाठ मारून द्याव्यात. एकच तुरटीचा खडा सगळ्यांच्या चेहऱ्यावर फिरवण्याऐवजी तुरटीची पूड कापसावर घेऊन लावावी, म्हणजे जखमेला लागलेलं सगळं कापसाबरोबर टाकून देता येतं.

आता रंग. केसांच्या टिकाऊ रंगात दोन भाग असतात. एकात बहुधा अमोनिया आणि पॅरा-फेनिलीनडायअमीनसारखे छोटे रेणू, दुसऱ्यात हायड्रोजन पेरॉक्साइड. एकत्र कालवल्यावर पेरॉक्साइड त्या छोट्या रेणूंचं ऑक्सिडीकरण करतं आणि ते केसाच्या आत जोडले जाऊन मोठे, रंगीत, सहज धुतले न जाणारे रेणू बनतात. ही रासायनिक क्रिया वाटीत उरलेल्या मिश्रणातही चालूच राहते. पेरॉक्साइड फुटून ऑक्सिजन वायू सुटत असतो. असं मिश्रण ‘उद्या वापरू’ म्हणून बाटलीत घट्ट बंद केलं, तर आत दाब वाढत जातो आणि बाटली फुटू शकते. म्हणून लागेल तेवढंच कालवावं, आणि उरलेलं बंद डब्यात न कोंडता उघड्यावरच राहू द्यावं.

याहून मोठी चूक घडते ती मोरीत. रंगातला अमोनिया आणि जंतुनाशक म्हणून वापरलेलं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, एकत्र आले की क्लोरामाइन वायू तयार होतात. डोळे चुरचुरतात, खोकला सुटतो, बंदिस्त जागेत फुप्फुसांना इजा होते. आम्लयुक्त सफाईद्रव ब्लीचला भेटला तर थेट क्लोरीन सुटतो. म्हणून रंगाच्या वाट्या आणि ब्लीचचं पाणी एकाच बादलीत ओतू नये. स्प्रेच्या डब्यांत ब्यूटेन, प्रोपेन असे ज्वालाग्राही वायू असतात. रिकामा वाटला तरी डबा भोसकायचा नाही आणि जाळायचा नाही.

ढिगाने सगळ्यांत मोठे असतात केस, आणि ते बरेचसे निरुपद्रवी असतात. डोक्यापासून सुटलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. गजकर्णाच्या बुरशीचे बीजाणू मात्र केसांवर महिनोन्महिने टिकतात, म्हणून असे केस पिशवीत बंद करूनच टाकावेत. केस म्हणजे केराटिन. गंधकाच्या बंधांनी घट्ट विणलेलं हे प्रथिन सावकाश कुजतं, आणि मोरीत गेलं तर साबणाच्या थराबरोबर गच्च बोळा होतं. जाळल्यास सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू सुटतात. तो जळका दर्प सहन करण्याचं काही कारण नाही, कारण केसांत सुमारे 15 टक्के नायट्रोजन असतो, आणि तो झाडांच्या कामाचा आहे. रंग न लावलेले केस वाळक्या पाल्याबरोबर पातळ थरांत पसरले तर त्यांचं खत होतं.

केस तेलही धरून ठेवतात. 1989 मध्ये अलास्काच्या किनाऱ्याजवळ एक्सॉन वाल्डेझ जहाजातून तेल सांडलं. पाणमांजरांची फर तेलाने माखलेली पाहून अमेरिकेतले केशकर्तनकार फिल मॅक्रोरी यांनी कापलेल्या केसांवर प्रयोग केला, आणि पुढे नासानेही ही कल्पना तपासली. आज काही संस्था सलूनचे केस गोळा करून तेल टिपणाऱ्या चटया बनवतात. त्यांची अट एवढीच असते, की केस झाडून, निवडून द्या: त्यांत कागद नको, कापूस नको. पात्याचा एक तुकडा निघाला, तर ती अख्खी पिशवी हातांनी निवडण्याच्या लायकीची राहत नाही.